एका सिस्टीनचे दोन दावेदार

अँटिऑक्सिडंट हा शब्द आता औषधाच्या दुकानातून थेट भाजीबाजारात उतरला आहे. नंदुरबारच्या पथारींवर लालभडक मिरची वाळत पडते. तिला तो रंग देणारं कॅप्सँथिन हे अँटिऑक्सिडंट. आवळा, जांभूळ अँटिऑक्सिडंट, हळद तर आहेच आहे. मेडिकलमध्ये गोळ्यांच्या पाकिटावर आणि लहान मुलांच्या सिरपच्या बाटलीवरही हाच शब्द असतो आणि शेजारी बहुधा ‘मेंदूच्या वाढीसाठी’ असं छापलेलं असतं. मजुरीच्या पैशातून अशी बाटली घेणारे आईबाप तालुक्याच्या कुठल्याही गावात भेटतील.

मेंदूची वाढ म्हणजे मोठ्या प्रमाणात प्रथिनांची निर्मिती. तेव्हा प्रश्न सरळ आहे: अँटिऑक्सिडंट औषध पोटात गेलं, तर मेंदूच्या पेशीत प्रथिनं जास्त तयार होतात का? याचं उत्तर बाटलीवरच्या मजकुराइतकं सरळ नाही. आणि ते नंदुरबारसारख्या जिल्ह्यात बसून समजून घेण्यात अर्थ आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार १६ लाख ४८ हजार लोक होते, त्यांतले सुमारे ६९ टक्के आदिवासी. कमी वजनाच्या मुलांची गोष्ट निघाली की राज्यात हे नाव वरच्या ओळीत येतं. मेंदूला प्रथिनं कमी पडतात म्हणजे काय होतं, हा इथे पुस्तकी प्रश्न राहत नाही.

मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. लहान मुलांत हे प्रमाण आणखी टोकाला जातं. पाच वर्षांच्या आसपास शरीराला दिवसभरात लागणाऱ्या ऊर्जेतला चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा मेंदूकडे वळलेला असतो. त्या वयात उंची-वजन संथ वाढतं, त्याचं हेही एक कारण मानलं जातं. मायरन विनिक आणि पेद्रो रोसो यांनी १९६९ मध्ये चिलीतल्या अगदी कोवळ्या वयात तीव्र कुपोषणाने दगावलेल्या बाळांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या मेंदूंत डीएनए, म्हणजे पर्यायाने पेशींची संख्याच कमी भरली.

मेंदूपेशी प्रथिनं कुठे बनवते, हे सूक्ष्मदर्शकातून एकोणिसाव्या शतकातच दिसलं होतं, फक्त ते काय आहे हे कळलेलं नव्हतं. जर्मन डॉक्टर फ्रान्झ निस्ल याने मेंदूचे काप रंगवले तेव्हा पेशीच्या पोटात गडद ठिपक्यांचे पुंजके उमटले. ते पुंजके म्हणजे रायबोसोमनी खच्चून भरलेले पडदे, हे पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर उघड झालं. रायबोसोम हाच प्रथिनं जोडणारा रेणूसमूह. आरएनएवरचा मजकूर वाचत तो एकेक अमिनो आम्ल साखळीत अडकवतो, सेकंदाला साधारण पाच-सहा. त्याची रचना उलगडल्याबद्दल २००९ चं नोबेल तिघांना मिळालं. त्यांपैकी वेंकटरामन रामकृष्णन यांचं बालपण आणि पदवीचं शिक्षण वडोदऱ्यातलं, म्हणजे नंदुरबारकरांना मुंबईपेक्षा कितीतरी जवळच्या गावातलं.

मेंदूपेशीत आणखी एक वैशिष्ट्य आहे. तिच्या फांद्यांवर, जिथे दुसऱ्या पेशीशी जोड होतो त्या ठिकाणीही रायबोसोम ठाण मांडून असतात. ऑस्वल्ड स्टुअर्ड यांनी १९८२ मध्ये ते दाखवलं. जोड पक्का करायचा असेल तर प्रथिन जागच्या जागी बनवता यावं, अशी ही सोय. फ्लेक्सनर दांपत्य आणि एलियट स्टेलर यांनी १९६३ मध्ये उंदरांच्या मेंदूत प्यूरोमायसिन हे प्रथिननिर्मिती थांबवणारं औषध टोचलं, तेव्हा शिकलेली वाट उंदीर विसरले. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली: टिकाऊ आठवण आणि नवी प्रथिनं यांची गाठ आहे.

आता ऑक्सिजनची दुसरी बाजू. पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढते, तेव्हा त्यातला थोडा भाग अर्धवट अवस्थेत निसटतो. हेच मुक्त मूलक. जवळ जे सापडेल त्याचा इलेक्ट्रॉन ते ओढून घेतात. मेंदूत त्यांना सापडतं बरंच काही. पेशींच्या आवरणात सहज खराब होणारी स्निग्धाम्लं भरपूर, काही भागांत लोह भरपूर, आणि त्यांना आवरणारं कॅटालेज हे विकर मात्र यकृताच्या मानाने फार थोडं. प्रथिननिर्मितीवर त्यांचा मार दोन-तीन ठिकाणी बसतो. आरएनए डीएनएसारखा गुंडाळून सुरक्षित ठेवलेला नसतो, त्यामुळे तो लवकर बिघडतो आणि बिघडलेल्या जागी रायबोसोम अडकून बसतो. अल्झायमरने गेलेल्यांच्या मेंदूत असा ऑक्सिडीकरण झालेला आरएनए अकिहिको नुनोमुरा आणि सहकाऱ्यांना १९९९ मध्ये आढळला. रायबोसोमला पुढच्या अक्षरावर सरकवणारं ईईएफ-२ नावाचं प्रथिनही या माऱ्यापुढे हळवं आहे.

पण सगळ्यात मोठा परिणाम मोडतोडीचा नसतो. पेशी स्वतःहून काम थांबवते. हा भाग सावकाश समजून घ्यावा असा आहे, कारण सगळी मेख इथे आहे.

कुठलंही प्रथिन बनायला सुरुवात व्हायची तर पहिलं अमिनो आम्ल रायबोसोमपाशी आणून द्यावं लागतं. हे काम ईआयएफ-२ नावाचा रेणू करतो. त्याच्यावर फॉस्फेटचा एक छोटा गट चिकटवला की तो निकामी होतो आणि पेशीतली बहुतेक प्रथिननिर्मिती थंडावते. फॉस्फेट चिकटवण्याचा अधिकार चार विकरांना आहे, आणि चौघांच्या तक्रारी वेगळ्या. जीसीएन-२ अमिनो आम्लांची टंचाई पाहतं. पीकेआर विषाणूची चाहूल घेतं. पर्क हे घड्या नीट न पडलेली प्रथिनं साचू लागली की जागं होतं. चौथं एचआरआय. हीम कमी पडलं, म्हणजे लोहाची वानवा झाली, की ते चालू होतं आणि ऑक्सिडीकरणाच्या ताणानेही.

अक्कलकुवा किंवा अक्राणीच्या डोंगरपाड्यावरचं एखादं दीड वर्षाचं मूल डोळ्यांपुढे आणा. आई ऊसतोडीला गुजरातेत गेलेली, मूलही तिच्यासोबत पाचटाच्या झोपडीत. आहारात डाळ नाही, अंडं नाही. हिमोग्लोबिन कमी. त्यात जुलाब आणि ताप. या चारांपैकी किती विकरांना तक्रार करायला कारण मिळालं, ते मोजून पाहा. ऑक्सिडीकरण हे त्यांतलं एकच कारण आहे. अँटिऑक्सिडंटची गोळी फार तर त्या एकाची समजूत काढेल. अमिनो आम्लंच नसतील तर जीसीएन-२ ऐकणार नाही, आणि त्याने ऐकूही नये.

‘ऐकूही नये’ म्हणायला कारण आहे. ही कामबंदी पेशीच्या भल्याची असते. बहुतेक प्रथिनं थांबवताना पेशी काही निवडक प्रथिनं मात्र जास्त बनवते. त्यांत सिस्टीन या अमिनो आम्लाचा साठा आत ओढून घेणारी आणि ग्लुटाथायोन तयार करायला मदत करणारी प्रथिनं असतात. ग्लुटाथायोन हे आपल्या शरीराचं स्वतःचं, पेशीच्या आतलं मुख्य अँटिऑक्सिडंट, तीन अमिनो आम्लांचं बनलेलं. त्यांतलं दुर्मीळ तेच सिस्टीन. म्हणजे औषधाच्या दुकानात जे विकत घेतो, त्याचा अस्सल नमुना पेशी घरीच बनवते, कच्चा माल मिळाला तर.

कामबंदी लांबली मात्र की तीच घात करते. जोवाना मल्लुची यांच्या लेस्टरमधल्या गटाने २०१२ मध्ये मेंदूचा ऱ्हास होणाऱ्या उंदरांत पाहिलं की ईआयएफ-२ दीर्घकाळ निकामी राहिल्याने जोडांची प्रथिनं संपतात आणि पेशी मरतात. प्रथिननिर्मिती पुन्हा सुरू केली तेव्हा पेशी वाचल्या.

आता या विषयातला मला सर्वांत आवडता प्रयोग. १९९४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये राजीव रतन, टिमथी मर्फी आणि जे बाराबन यांनी उंदराच्या गर्भातल्या मेंदूपेशी तबकडीत वाढवल्या आणि त्यांना सिस्टीन मिळण्याची वाट अडवली. ग्लुटाथायोन संपलं, ऑक्सिडीकरणाचा ताण वाढला, पेशी मरू लागल्या. मग त्यांनी सायक्लोहेक्सिमाइड दिलं. हे काही अँटिऑक्सिडंट नव्हे, ते प्रथिननिर्मिती बंद पाडणारं विष. पेशी आणखी लवकर मरायला हव्या होत्या. त्या वाचल्या!

कारण असं निघालं की प्रथिनं बनणं थांबल्यामुळे त्यांत खर्च होणारं सिस्टीन मोकळं झालं आणि ते ग्लुटाथायोनकडे वळलं. सिस्टीनला दोन दावेदार आहेत, प्रथिन आणि ग्लुटाथायोन. सातपुड्यातल्या घरात वाईट वर्षी ज्वारीचं शेवटचं पोतं उरतं, तेव्हा ते दळायचं की बियाण्याला ठेवायचं, असा पेच पडतो. पेशीपुढचा पेचही तोच.

अँटिऑक्सिडंट औषधं आणि मेंदूतली प्रथिनं यांचं नातं या प्रयोगातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचित दिसतं. ताणाखालच्या पेशीला एन-असिटिलसिस्टीन दिलं, तर ते मुळात सिस्टीनच आणून देतं, म्हणजे दोन्ही दावेदारांना थोडं थोडं मिळतं. हे औषध कफ पातळ करायला १९६० च्या दशकापासून वापरात आहे आणि पॅरासिटामॉलची विषबाधा झालेल्या रुग्णाचं यकृत वाचवायला आजही तेच देतात. ई जीवनसत्त्व दिलं, तर ते पेशीच्या आवरणातलं ऑक्सिडीकरण रोखतं, ग्लुटाथायोनवरचा भार कमी होतो, पण प्रथिनासाठी लागणारं एकही अमिनो आम्ल ते आणत नाही. मेलाटोनिनवर स्पेनमधल्या सेव्हिलच्या संशोधकांनी उंदीरवर्गीय प्राण्यांत काम केलं. वयामुळे घटणाऱ्या ईईएफ-२ ला त्याने आधार मिळतो असं त्यांना आढळलं. तेव्हा अँटिऑक्सिडंटमुळे मेंदूतली प्रथिननिर्मिती सुधारू शकते, हे खरं. पण जिथे ती ऑक्सिडीकरणामुळेच अडली असेल तिथे, आणि कच्चा माल हजर असेल तर.

मात्रा वाढवली तर फायदा वाढेल असंही नाही. पुष्कळशा प्रथिनांची घडी पक्की होण्यासाठी दोन सिस्टीनमध्ये गंधकाचा पूल बांधावा लागतो, आणि तो बांधायला थोडं ऑक्सिडीकरण लागतंच. प्रयोगशाळेत डायथायोथ्रेटॉलसारखं कडक क्षपणक टाकून हे पूल तोडले की घड्या विस्कटतात, पर्क जागं होतं आणि प्रथिननिर्मिती थांबते. आठवणी घडवतानाही पेशी थोडे मुक्त मूलक निरोप पोचवायला वापरते. ते सगळे पुसून टाकणं हे कुणाच्याच हिताचं नाही.

तबकडीतून माणसाकडे आलं की चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. अर्धांगवाताच्या झटक्यानंतर द्यायच्या एनएक्सवाय-०५९ या अँटिऑक्सिडंट औषधाच्या पहिल्या मोठ्या चाचणीने २००६ मध्ये आशा दाखवली. २००७ मध्ये दुसऱ्या, आणखी मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. जपानने २००१ मध्ये एडारावोन हे अँटिऑक्सिडंट मात्र याच कामासाठी मान्य केलं. फिनलंडमधल्या २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटिन दिलं तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. ही १९९४ ची गोष्ट. शिवाय मेंदू आणि रक्त यांच्यामधला अडसर बरीच औषधं ओलांडत नाहीत. एन-असिटिलसिस्टीनही त्यातून जेमतेम झिरपतं.

नंदुरबारच्या पोरांशी सर्वांत जवळची चाचणी झाली ती आफ्रिकेत, मलावीत. तिच्यामागचा इतिहास भारताशी जोडलेला आहे.

अंगणवाडी सेविका मुलाच्या दंडाला पट्टी लावते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर आला की पट्टी तांबड्यात. मग ती दोन्ही पावलांच्या वरच्या भागावर अंगठ्याने तीन सेकंद दाब देते. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला तर ती कुपोषणाची सूज, क्वाशिओरकर. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आजच्या घानात तिचं वर्णन केलं आणि कारण मानलं गेलं प्रथिनांची कमतरता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सी. गोपालन यांनी १९६८ मध्ये या समजुतीला धक्का दिला. सुजलेल्या आणि सुकलेल्या मुलांच्या आहारात, प्रथिनांतही, त्यांना फरक सापडला नाही. एकच आहार, मग एक मूल सुजतं आणि दुसरं हाडाची काडी होतं, ते का?

मायकल गोल्डन आणि रामदाथ यांनी १९८७ मध्ये जमैकातून मांडलं की फरक मुक्त मूलकांचा असावा. सुजलेल्या मुलांच्या रक्तात ग्लुटाथायोन खरोखरच तळाला गेलेलं असतं. त्याच बेटावर २००२ मध्ये आशा बादालू, फारुख जहूर आणि सहकाऱ्यांनी अशा भरती मुलांना उपचाराच्या सुरुवातीपासून सिस्टीनची जोड दिली, तर ग्लुटाथायोन बनण्याचा वेग लवकर सावरला. तर्क पूर्ण जुळत होता. मग अँटिऑक्सिडंट आधीच दिलं तर सूज टळेल?

मलावीत एक ते चार वर्षांच्या २,३७२ मुलांना वीस आठवडे रोज पुडी दिली गेली. निम्म्यांच्या पुडीत रायबोफ्लेविन, ई जीवनसत्त्व, सेलेनियम आणि एन-असिटिलसिस्टीन, निम्म्यांच्या पुडीत औषधच नाही. निकाल २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. औषध घेतलेल्यांत ३९ मुलांना क्वाशिओरकर झाला, न घेतलेल्यांत २३ जणांना. टळणं दूरच.

मला यात आश्चर्य वाटत नाही. जमैकातली मुलं दवाखान्यात होती. त्यांना मोजून अन्न मिळत होतं, जंतुसंसर्गावर औषध चालू होतं, आणि त्या जोडीला सिस्टीन होतं. मलावीतल्या मुलांना पुडी मिळाली आणि घरचं जेवण होतं तेच राहिलं. ज्या शरीरात सगळ्याच अमिनो आम्लांचा दुष्काळ आहे तिथे अँटिऑक्सिडंट येऊन करणार काय?

अँटिऑक्सिडंट औषध कामाला येतं असं एक उदाहरण याच जिल्ह्याच्या दुसऱ्या दुखण्यात आहे. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचं जनुक पुष्कळ आढळतं. त्या आजारात विळ्यासारख्या पेशी फुटून मोकळं झालेलं हीम ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवत राहतं. एल-ग्लुटामिन या अमिनो आम्लाला अमेरिकेत २०१७ मध्ये यासाठी मान्यता मिळाली. चाचणीत ४८ आठवड्यांत तीव्र वेदनेचे झटके मध्यकाने औषध न घेतलेल्यांत चार आले, घेतलेल्यांत तीन. एक झटका कमी. हायड्रॉक्सियुरिया या नेहमीच्या औषधाची जागा ते घेत नाही, तेव्हा चालू औषध कुणी बंद करू नये.

कुपोषित मुलाच्या मेंदूतली प्रथिननिर्मिती पुन्हा सुरू करायची खरी रीत पोषण पुनर्वसन केंद्रात पाहायला मिळते, आणि ती वरच्या सगळ्या जीवरसायनाला धरून आहे. पहिले काही दिवस एफ-७५ नावाचं दूध. त्यात शंभर मिलिलिटरला फक्त ०.९ ग्राम प्रथिन. नातेवाइकांना वाटतं, पोर वाळलंय आणि हे पाणीदार दूध पाजतात! पण ईआयएफ-२ निकामी असलेली पेशी आणि थकलेलं यकृत जास्तीचं प्रथिन पचवू शकत नाही. आधी साखर, उष्णता, क्षार सावरायचे, संसर्ग आवरायचा, म्हणजे तक्रारी एकेक मिटतात. भूक परतली की एफ-१००, त्यात २.९ ग्राम प्रथिन.

लोहाचं तर उलटंच. रक्त कमी असूनही पहिल्या टप्प्यात लोह देत नाहीत. ग्लुटाथायोन रिकामं असताना मोकळं लोह मुक्त मूलकांना खतपाणी घालतं आणि जंतूंनाही. वजन वाढू लागल्यावरच ते सुरू होतं. इतका नेमका अँटिऑक्सिडंट उपचार कुठल्या बाटलीत मिळतो? आणि तो लोह न देण्याने होतो, फुकट होतो.

घरच्या पातळीवर बोलायचं तर सिस्टीन आणि त्याचं मूळ मेथिओनिन धान्यात बऱ्यापैकी असतं, डाळींत कमी. डाळींत लायसिन भरपूर, ते ज्वारी-मक्यात तोकडं. भाकरीसोबत उडदाची आमटी असली की दोन्ही बाजू भरून निघतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्राम प्रथिन आणि त्यात मेथिओनिन-सिस्टीन मिळून साधारण ०.३ ग्राम. २०१५ पासून आदिवासी भागात चालू असलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी ठरलेली आहेत. अंडं वेळेवर पाड्यापर्यंत पोचतं का, यावर गावाने आवाज उठवावा. मेंदूच्या सिरपपेक्षा तो आवाज मुलांच्या जास्त उपयोगी पडेल.

आणि ज्यांच्या घरात किंवा शेजारी दंडाची पट्टी तांबड्यात गेलेलं किंवा दोन्ही पावलं सुजलेलं मूल असेल, त्यांनी मेडिकलच्या पायऱ्या न चढता सेविकेला किंवा आशाताईला त्याच दिवशी सांगावं. पोषण पुनर्वसन केंद्रात भरती, दूध, औषधं सगळं मोफत आहे. मुलाजवळ राहणाऱ्या आईला जेवण मिळतं आणि तिची बुडीत मजुरीही मिळते.